सहा देश, एक गाडी : मध्य युरोपातल्या रोड ट्रिपची आखणी कोणत्या क्रमाने करावी

चेक प्रजासत्ताकातून ऑस्ट्रियात गाडी शिरते तेव्हा बहुतेक वेळा रस्त्याकडेची एक निळी पाटी सोडली तर काहीच दिसत नाही. त्यामुळे सीमा उघडी आहे म्हणजे नियमही तेच आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात त्या पाटीपलीकडे टोलची पद्धत, चलन, वेगमर्यादा, दारूचा नियम आणि भाड्याच्या गाडीच्या विम्याची अट, यांतलं काहीही बदललेलं असू शकतं.

अशा प्रवासात लोक अडकतात ते मुख्यतः क्रम चुकल्यामुळे. विमानाचं तिकीट आधी काढतात आणि व्हिसा कोणत्या देशाचा लागेल हे नंतर शोधतात. गाडी आधी बुक करतात आणि ती हंगेरीत न्यायला परवानगी आहे का, हे काउंटरवर विचारतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर पैसे खर्च करू नका.

उदाहरणासाठी एक मार्ग धरू : म्युनिक, प्राग, चेस्की क्रुमलॉव्ह, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, ब्लेड, साल्झबुर्ग आणि परत म्युनिक. एकूण अंतर साधारण २,००० किलोमीटर. देश सहा : जर्मनी, चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि स्लोव्हेनिया.

१. आधी रात्री मोजा, मग नकाशा उघडा

कागदावर तीन रकाने आखा : दिवस, मुक्काम, देश. आपल्या उदाहरणात म्युनिकला पहिली रात्र, प्रागला तीन, क्रुमलॉव्हला एक, व्हिएन्नाला तीन, बुडापेस्टला तीन, ब्लेडला तीन, साल्झबुर्गला दोन आणि म्युनिकला शेवटची एक. झाल्या १७ रात्री. ब्रातिस्लाव्हात मुक्काम नाही. व्हिएन्नाहून ते ८० किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे बुडापेस्टच्या वाटेवर दुपारचं जेवण आणि जुन्या गावातला फेरफटका एवढं पुरतं.

गोल मार्ग मुद्दाम घेतला आहे. एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडली की 'वन-वे' शुल्क लागतं, आणि देश बदलला की ते पुष्कळदा गाडीच्या भाड्याइतकं किंवा त्याहून जास्त होतं. गाडी जिथून घेतली तिथेच परत करा.

रोजचं चालवणं चार तासांच्या आत ठेवा. प्राग ते व्हिएन्ना एका दिवसात सहज होतं, पण क्रुमलॉव्हचा मुक्काम मधे टाकला की दोन्ही दिवस हलके होतात. बुडापेस्ट ते ब्लेड मात्र ५०० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि या मार्गावरचा तो सगळ्यात लांब दिवस. त्या दिवशी वाटेत बालाटोन सरोवराशी थांबा आणि त्याशिवाय दुसरं काहीही बघायचं ठरवू नका.

पहिल्या दिवशी गाडी घेऊ नका. मुंबईहून रात्रभर प्रवास करून उतरलेल्या माणसाने उजव्या बाजूच्या वाहतुकीत, अनोळखी गाडीत, ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, जाणं धोक्याचं आहे. म्युनिकची पहिली रात्र झोपेसाठी आहे. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एका दिवसाचं भाडं आणि पार्किंगही वाचतं.

तपासा : कागदावरच्या रात्रींची बेरीज देशवार वेगळी लिहिली आहे का? पुढचा टप्पा पूर्णपणे त्यावर उभा आहे.

२. व्हिसा : विमान कुठे उतरतं यावर तो ठरत नाही

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तिकीट म्युनिकचं, म्हणून अर्ज जर्मनीकडे, असं परस्पर ठरवलं जातं. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याचा नियम असा आहे की मुख्य मुक्काम ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून पहिला प्रवेश होतो त्याच्याकडे.

आता आपले आकडे बघा. जर्मनी दोन रात्री, चेक चार, ऑस्ट्रिया पाच (व्हिएन्ना तीन, साल्झबुर्ग दोन), हंगेरी तीन, स्लोव्हेनिया तीन. म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. पण क्रुमलॉव्ह आवडलं म्हणून तिथे आणखी एक रात्र टाकली, तर चेक आणि ऑस्ट्रिया पाच-पाचवर येतात आणि अर्ज पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे, म्हणजे जर्मनीकडे जातो. एका रात्रीने दूतावास बदलला. म्हणून अपॉइंटमेंट घेतल्यावर मुक्कामात फेरफार करू नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर १५ दिवसांचा विचारही करू नका, कारण त्या काळात अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५. त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोच्या संरक्षणाचा.

दिवस मोजताना एक बारकावा आहे. शेंगेनमध्ये प्रवेशाचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही धरतात. १७ रात्री म्हणजे १८ दिवस. अर्जात १८ लिहा. व्हिसा हातात आला की स्टिकरवरचे तीन आकडे वाचा : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस राहता येईल, आणि किती वेळा प्रवेश. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर राहण्याच्या दिवसांपेक्षा जास्त दिलेलं असू शकतं. त्याचा अर्थ तेवढे सगळे दिवस राहता येतं असा होत नाही.

सावध : बुडापेस्टहून बेलग्रेड जवळ वाटतं, क्रोएशियातून बोस्नियाही. सर्बिया आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाहीत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिकडे पाऊल टाकताच तो संपतो आणि परत येता येत नाही. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने आली. त्यात बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात आणि राहण्याचे दिवस संगणक मोजतो. एक दिवस जास्त राहिलो तर कोणाला कळणार, हा विचार सोडून द्या.

जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा टप्पा नाही, पण रेसिडेन्स परमिटचं मूळ कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर हवेत. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आहे. साल्झबुर्गहून म्युनिकला येताना गाड्या बाजूला घेतल्या जातात. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

३. परवाना

भारतातून जाणाऱ्यांनी दोन कागद न्यायचे : आपला मूळ स्मार्ट कार्ड परवाना आणि आंतरराष्ट्रीय चालक परवाना. दुसरा पहिल्याशिवाय निरुपयोगी आहे. तो फक्त आपल्या आरटीओकडून मिळतो, परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो, आणि तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. पासपोर्टबरोबर व्हिसा किंवा तिकिटाची प्रत मागितली जाऊ शकते, म्हणून व्हिसा आल्यावर लगेच हे काम हातावेगळं करा. इंटरनेटवर 'इंटरनॅशनल लायसन्स' घरपोच देणाऱ्या खासगी साइट्स आहेत. त्यांनी दिलेल्या रंगीत पुस्तिकेला कायद्याने काही किंमत नाही.

दोघं जण चालवणार असाल तर दोघांचीही कागदपत्रं हवीत आणि दोघांचीही नावं भाडेकरारात हवीत. करारात नाव नसलेला माणूस चालवत असताना अपघात झाला, तर विमा हात वर करतो.

जर्मनीत राहायला गेलेल्यांसाठी : भारतीय परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहाच महिने चालतो. त्यानंतर जर्मन परवाना लागतो, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना नवा काढून आणल्याने ही मुदत वाढत नाही. शेजारच्या देशांत सहलीला निघालेल्यांचं नेमकं याकडे लक्ष नसतं.

४. गाडी : भाडं शेवटी बघा, अटी आधी

स्वस्तातली गाडी शोधायची साइट उघडण्याआधी पाच गोष्टी लिहून ठेवा आणि प्रत्येक कंपनीच्या अटींमध्ये त्या शोधा.

पहिली, सीमा. करारात देशांची यादी असते. काही कंपन्या पश्चिमेकडच्या देशांना मोकळी परवानगी देतात, पण हंगेरी, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनियासाठी वेगळं शुल्क घेतात. महागड्या बनावटीच्या गाड्यांना तर काही ठिकाणी तिकडे नेताच येत नाही. 'किंवा तत्सम' या शब्दांमुळे काउंटरवर तुम्हाला वरच्या दर्जाची जर्मन गाडी फुकट देऊ केली, तर आनंदाने होकार देण्याआधी विचारा की ही बुडापेस्टला नेता येईल का. आपल्या सहाही देशांची नावं सांगून परवानगी करारावर लिहून घ्या. परवानगी नसलेल्या देशात गाडी बंद पडली तर विमाही नाही आणि मदतही नाही.

दुसरी, कार्ड. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मुलाचं कार्ड आणि बाबांचा परवाना, ही जोडी काउंटरवर नाकारली जाते. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून ठेवा आणि मर्यादेत डिपॉझिट, हॉटेलं आणि टोल मिळून जागा आहे का ते पाहा.

तिसरी, विमा. मूळ भाड्यात जो विमा असतो त्यात नुकसानीचा पहिला काही भाग तुमच्या खिशातून जातो. ती रक्कम हजार युरोच्या पुढे असणं नवलाचं नाही. शिवाय टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा वगळलेला असतो. मला विचाराल तर लांबच्या प्रवासात पूर्ण संरक्षण घ्यावं, कारण डोंगरातल्या अरुंद पार्किंगमध्ये ओरखडा उठणं फारसं अवघड नाही. व्हिसासाठी घेतलेला प्रवास विमा गाडीला लागू नसतो, हे लक्षात असू द्या.

चौथी, गिअर. ऑटोमॅटिकच घ्या. आपल्या डाव्या हाताला गिअरची सवय असते, तिथे तो उजव्या हाताला येतो, रस्त्याची बाजू उलटी असते, आणि व्हिएन्नात मागून ट्राम येत असते. एवढं सगळं एकाच वेळी शिकण्याची गरज नाही. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात आणि महाग असतात, म्हणून लवकर बुक करा.

पाचवी, आकार. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा हे छोट्या हॅचबॅकमध्ये बसत नाही, आणि मागच्या काचेतून बॅगा दिसत राहिल्या तर चोराला आमंत्रण. स्टेशन वॅगन पाहा. आजी-आजोबांसह सात-आठ जण असतील तर नऊ आसनी गाडी साध्या परवान्यावर चालवता येते, पण टोलमध्ये तिचा वर्ग बदलू शकतो. तो मुद्दा पुढे येतो आहे.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, चाकांच्या रिमचा, काचेचा आणि इंधनाच्या काट्याचा व्हिडिओ काढा. प्रत्येक जुना ओरखडा कागदावर नोंदवून घ्या. मग या वस्तू डोळ्यांनी बघा : प्रत्येक प्रवाशासाठी चमकदार जॅकेट, त्रिकोण, प्रथमोपचार पेटी. जॅकेटं डिकीतून काढून दारांच्या कप्प्यात ठेवा, कारण महामार्गावर गाडीतून उतरण्याआधी ती अंगात हवीत. उंची १५० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेल्या मुलांसाठी योग्य सीट घ्या. काही देशांत १३५ पुरते, पण मार्गातल्या सगळ्यात कडक नियमाप्रमाणे चाललं की प्रश्न उरत नाही. हिवाळ्यात जाणार असाल तर विंटर टायर लिहून मागा. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर ते बंधनकारक आहेत, स्लोव्हेनियात १५ नोव्हेंबर ते १५ मार्च.

तपासा : गाडीला ऑस्ट्रियाचं विन्येट (महामार्ग वापरण्याचा परवाना) आधीपासून आहे का? जर्मनीतल्या शहरांसाठी लागणारा हिरवा पर्यावरण स्टिकर काचेवर आहे का? काउंटर सोडण्याआधी विचारा.

५. विन्येट : नंबर प्लेट हातात आल्यावरच

आपल्याकडे टोल नाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले जातात. इथे बहुतेक देशांत नाकाच नाही. महामार्ग वापरण्याचा ठरावीक दिवसांचा परवाना, म्हणजे विन्येट, आधी विकत घ्यायचं, ते नंबर प्लेटशी जोडलं जातं आणि कॅमेरे ती प्लेट वाचतात. भाड्याच्या गाडीची प्लेट गाडी मिळेपर्यंत कळत नाही. म्हणून घरून निघण्याआधी विन्येट घेऊन टाकायचा उत्साह इथे उपयोगाचा नाही. गाडी मिळाली की प्लेटचा फोटो काढा आणि त्या दिवशी बसून सगळ्या देशांचं काम उरका.

जर्मनीत खासगी गाड्यांना टोल नाही.

चेक प्रजासत्ताकात २०२१ पासून विन्येट फक्त डिजिटल आहे : एक दिवस, दहा दिवस, तीस दिवस आणि वर्षभर. आपण दुसऱ्या दिवशी आत जातो आणि सहाव्या दिवशी बाहेर पडतो, म्हणून दहा दिवसांचं.

ऑस्ट्रियात जरा थांबून गणित करा. आपण तिथे दोनदा जातो. सहाव्या दिवशी क्रुमलॉव्हहून व्हिएन्नाला, नवव्या दिवशी बाहेर. मग पंधराव्या दिवशी स्लोव्हेनियातून साल्झबुर्गला, सतराव्या दिवशी म्युनिककडे. सहाव्या दिवशी सुरू केलेलं दहा दिवसांचं विन्येट पंधराव्या दिवशी मध्यरात्री संपतं. साल्झबुर्गला पोहोचेपर्यंत ठीक, पण सोळावा-सतरावा दिवस उघडा पडतो. साल्झबुर्ग शहरातून जर्मन सीमेपर्यंतचा ए-१ चा वाल्सरबेर्ग ते साल्झबुर्ग नॉर्ड हा तुकडा विन्येटमुक्त आहे, म्हणून थेट म्युनिकला निघालात तर निभावतं. मात्र सोळाव्या दिवशी ए-१० महामार्गावर चढून कुठे गेलात, तर त्या दिवसासाठी एक दिवसाचं विन्येट घ्या. हाल्श्टाट या तळ्याकाठच्या गावाला जायचं असेल तर वोल्फगांग सरोवराकडून जाणाऱ्या बी-१५८ रस्त्याने जा. त्याला विन्येट लागत नाही आणि तो रस्ता जास्त सुंदर आहे.

शिवाय ऑस्ट्रियात काही बोगद्यांना आणि घाटांना विन्येटखेरीज वेगळा टोल आहे. ब्लेडहून साल्झबुर्गला येताना असे दोन लागतात : कारावांकेन बोगदा आणि ए-१० वरचा टाउएर्नचा भाग. विन्येट आहे म्हणून हे माफ होत नाहीत आणि हे भरले म्हणून विन्येट माफ होत नाही. ऑनलाइन घेताना वैधता कोणत्या तारखेला सुरू होते ते पडद्यावर नीट वाचा. दोन महिन्यांचं किंवा वार्षिक डिजिटल विन्येट सामान्य ग्राहक म्हणून ऑनलाइन घेतलं तर ते अठराव्या दिवसापासूनच लागू होतं. सीमेजवळच्या पेट्रोल पंपावर घेतलेलं लगेच लागू होतं.

स्लोव्हाकियात आपण एकच दिवस आहोत, तेव्हा एक दिवसाचं.

हंगेरीत नाव ई-मॅट्रिका. नवव्या दिवसापासून बाराव्यापर्यंत, म्हणून दहा दिवसांचं. इथे गाडीचा वर्ग महत्त्वाचा : चालकासह सात आसनांपर्यंतची गाडी डी-१, त्याहून जास्त आसनांची डी-२, आणि तिचा दर जास्त. आठ-नऊ आसनी गाडी घेऊन डी-१ भरणं म्हणजे विन्येट नसल्यासारखंच. गाडीत प्रत्यक्ष किती जण बसले आहेत याचा संबंध नाही, नोंदणीतल्या आसनांचा आहे.

स्लोव्हेनियात आठवड्याचं, महिन्याचं आणि वर्षाचं मिळतं. आपल्याला आठवडा पुरतो. मोठ्या व्हॅनचा वर्ग इथेही वेगळा पडतो. पुढच्या चाकांवर गाडीची उंची १.३० मीटर किंवा जास्त असेल तर २-बी.

सावध : विन्येट विकणाऱ्या मध्यस्थ साइट्स शोधयंत्रात सगळ्यात वर येतात आणि एक दिवसाच्या विन्येटवर त्याच्या किमतीइतकं सेवाशुल्क लावतात. सरकारी साइटवर जा.

तपासा : नंबर प्लेटचा प्रत्येक अक्षर-अंक पावतीशी जुळतो का? शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची अदलाबदल नेहमी होते. नोंदणीचा देश जर्मनी निवडला आहे का? गाडी हंगेरीत चालवायची म्हणून देशाच्या रकान्यात हंगेरी निवडणारे लोक आहेत, आणि त्यांचं विन्येट दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या नावावर लागतं.

६. मुक्काम : खोलीआधी पार्किंग

शहराच्या मधोमध हॉटेल घेऊ नका. रेल्वेने आणि पायी फिरणाऱ्याला जे सोयीचं, ते गाडीवाल्याला अडचणीचं असतं. व्हिएन्नात मार्च २०२२ पासून जवळजवळ सगळं शहर अल्पकालीन पार्किंगखाली आहे : सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १०, एका वेळी जास्तीत जास्त दोन तास. म्हणजे रस्त्यावर गाडी लावून दिवसभर शहर बघणं शक्यच नाही. प्रागमध्ये रस्त्यावरची निळी पट्टी मुख्यतः रहिवाशांची. तिथे लावलेल्या गाडीला चाक-कुलूप लागू शकतं.

उपाय सोपा आहे. शहराच्या कडेला, मेट्रोच्या स्टेशनाजवळ, स्वतःचं पार्किंग असलेलं हॉटेल घ्या, किंवा पार्क अँड राइड, म्हणजे गाडी लावून पुढे मेट्रोने जाण्याची सोय, वापरा : प्रागला झ्लिचिन, लेटन्यानी किंवा चेर्नी मोस्त, व्हिएन्नाला एर्डबेर्ग किंवा ह्युटेलडॉर्फ. हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडी तीन दिवस तशीच राहू द्या. पार्किंग 'उपलब्ध' लिहिलेलं असलं तरी ते आरक्षित करता येतं का आणि छताची उंची किती, हे निरोप पाठवून विचारा. मोठी व्हॅन जुन्या तळघरात शिरत नाही. व्हिसा मिळेपर्यंत सगळी बुकिंगं मोफत रद्द होणारीच ठेवा.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात. शाकाहारी कुटुंबाने शनिवारी दूध, ब्रेड, फळं, दही भरून ठेवावं. मोठ्या रेल्वे स्टेशनातली आणि महामार्गावरच्या पंपांवरची दुकानं उघडी मिळतात, पण महाग. ब्लेडहून साल्झबुर्गचा दिवस जुलै-ऑगस्टमधला शनिवार येत असेल तर आराखडा एक दिवस सरकवा. त्या दिवशी अर्धा युरोप समुद्राकडे जातो किंवा परततो आणि दोन्ही बोगद्यांपुढे रांगा लागतात.

७. स्टिअरिंगवर बसण्याआधी

हे नियम गाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवेत, कारण शेजारी बसलेल्याने वेळेत सांगणं हीच निम्मी सुरक्षितता.

वेग : महामार्गावर ऑस्ट्रिया, चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनियात १३०. जर्मनीत मर्यादा नसलेल्या भागातही १३० हा सुचवलेला वेग. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर जर्मनी-ऑस्ट्रियात १००, बाकी चार देशांत ९०. गावात सगळीकडे ५०, आणि ते ५० गावाच्या नावाच्या पाटीपासूनच सुरू होतं, आकड्याची वेगळी पाटी लावत नाहीत. दंडाची बरीच पत्रं याच एका गोष्टीची असतात. ऑस्ट्रियात दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेगही मोजतात, म्हणून कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही.

उजवीकडून येणाऱ्याचा हक्क : पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, मग ती कितीही छोट्या गल्लीतून येवो. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली तर मुख्य रस्ता तुमचा. सिग्नल लाल असताना उजवीकडे वळायचं नाही.

डावी लेन फक्त ओलांडण्यासाठी. ओलांडून झालं की लगेच उजवीकडे. उजवीकडून ओलांडायचं नाही. आरशात दिवे दिसले तर ते तुमच्या कल्पनेपेक्षा फार वेगाने येत आहेत.

गर्दीत गाड्या थांबू लागल्या की रुग्णवाहिकेसाठी मधे वाट मोकळी करायची : सगळ्यात डाव्या लेनमधले डावीकडे सरकतात, बाकी सगळे उजवीकडे. सायरन ऐकू आल्यावर नाही, गाड्या मंदावल्याबरोबर.

दारू : चेक, स्लोव्हाकिया, हंगेरीत चालकासाठी शून्य. प्रागच्या जेवणातला एक बिअरचा ग्लाससुद्धा नाही. मला वाटतं, सहाही देशांत हाच नियम धरावा.

दिवे : चेक, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनियात दिवसाही लावायचे, हंगेरीत गावाबाहेर. दिवसभर लावून ठेवा म्हणजे विसरायचा प्रश्न नाही.

८. पंपावर

पंप बहुतेक स्वतः भरण्याचे. भरा, पंपाचा क्रमांक लक्षात ठेवा, आत जाऊन पैसे द्या. इथे एक चूक फार महाग पडते : चेक आणि स्लोव्हाक भाषेत 'नाफ्ता' म्हणजे डिझेल, आणि 'नॅचरल' लिहिलेलं ते पेट्रोल. हंगेरीत 'गाझओलाय' म्हणजे डिझेल. नावांवर जाऊ नका, चिन्ह बघा. युरोपात सगळीकडे पेट्रोलचं चिन्ह वर्तुळात असतं आणि डिझेलचं चौकोनात. हेच चिन्ह गाडीच्या टाकीच्या झाकणामागे असतं. दोन्ही जुळवा, मग नोझल उचला.

चुकीचं इंधन गेलंच तर गाडी सुरू करू नका. किल्ली फिरवल्यावर नुकसान होतं, टाकीत पडल्यावर नाही. भाडेकरारात दिलेल्या क्रमांकावर फोन करा. अपघात किंवा जिवाचा प्रश्न असेल तर सहाही देशांत ११२.

चलन : जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनियात युरो. चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. कार्ड सगळीकडे चालतं, म्हणून थोडीच रोकड काढा. मशीनने 'रुपयांत देऊ का स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा, रुपयांचा दर नेहमी तुमच्या तोट्याचा असतो.

९. गाडी परत करताना आणि नंतर

टाकी विमानतळाच्या फाटकाशी नाही, थोडी आधीच भरा. तिथला दर जास्त असतो. पावती ठेवा. गाडी देताना पुन्हा व्हिडिओ, आणि कर्मचारी असेल तर 'नुकसान नाही' असं लिहून घ्या. बंद काउंटरच्या पेटीत किल्ली टाकून जाण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. गाडी कंपनीच्या ताब्यात जाईपर्यंतची जबाबदारी तुमच्यावर राहते.

डिपॉझिट मोकळं व्हायला काही दिवस लागतात. वेगाचा किंवा पार्किंगचा दंड असेल तर तो काही महिन्यांनीही येऊ शकतो, आणि कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवण्याचं शुल्क कार्डावर वेगळं लावते. ते शुल्क आलं म्हणजे दंड भरला गेला असं समजू नका, दंडाचं पत्र स्वतंत्र येतं. विन्येटच्या सगळ्या पावत्या, भाडेकरार आणि दोन्ही व्हिडिओ एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. हंगेरीची ई-मॅट्रिकाची पावती वैधता संपल्यापासून दोन वर्षं ठेवायची असते.